निविदा निघण्याआधीच तुरुंग ठरून गेलेला असतो

मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्यात नवं कारागृह होणार अशी बातमी येते, तेव्हा तिच्यात तीन आकडे हमखास असतात : किती एकर जागा, किती कोटी मंजूर आणि किती बंद्यांची क्षमता. हे आकडे कोणी काढले, कशावरून काढले, हे बातमीत नसतं. विचारायला गेलं तर जिल्ह्यात कोणाला सांगताही येत नाही. पुढे काम सुरू झालं की मग ठेका कोणाला गेला, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी दराने (बिलो) गेला, वाळू कुठली वापरली यावर चर्चा रंगते. त्या चर्चेची गरज आहेच. पण जिल्ह्याचं मोठं नुकसान निविदेच्या आधी होऊन गेलेलं असतं. तुरुंग किती मोठा, कुठे, त्याला पाणी कुठलं आणि गावातल्या जुन्या तुरुंगाच्या जमिनीचं पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरं प्रशासकीय मान्यतेच्या, म्हणजे कामाला आणि खर्चाला शासन मंजुरी देतं त्याच्या, आधी जिल्ह्यासमोर लेखी मांडली गेली पाहिजेत. ती नसतील तर मान्यता मिळता कामा नये.

तुरुंग हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला चौथा विषय. १९९२ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली, पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या याद्या आल्या, त्यांत तुरुंग कुठेही नाही. त्यामुळे पैसा गृह विभागाचा, बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि ताबा कारागृह प्रशासनाचा. कागदावर ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांचा संबंध येत नाही. प्रत्यक्षात हा तुरुंग उभा राहतो तो कुठल्यातरी गावच्या शिवारात, बहुधा गायरानावर. त्याला पाणी लागतं ते त्या गावच्या किंवा जवळच्या शहराच्या योजनेतून. त्याचं सांडपाणी गावच्या ओढ्याला मिळतं. गायरान हा तर मराठवाड्यात नुसता पडीक जमिनीचा मामला नाही. भूमिहीन दलित कुटुंबांनी कसलेल्या गायरानाच्या हक्कासाठी इथे दशकानुदशकं लढे झाले आहेत, आजही चालू आहेत. तेव्हा ‘शासकीय जागा उपलब्ध आहे’ असं एका ओळीत लिहून टाकणं म्हणजे त्या जागेवर कोण राबतंय हे न बघता पुढे जाणं. अमेरिकेत कच्चे कैदी आणि छोट्या शिक्षेचे कैदी ठेवायचे स्थानिक तुरुंग ही बहुतेक ठिकाणी काउंटीची, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाची जबाबदारी असते. आपल्याकडे ती नाही. पण ओझं जर स्थानिक संस्था उचलणार असेल, तर तिला आधी विचारलं तरी पाहिजे.

अशा कामाला प्रशासकीय मान्यता देणारा एखादा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून शांतपणे वाचावा. मी तालुका कोर्टात वकिली करतो, त्यामुळे असे कागद वाचायची सवय आहे. पण हा कागद कोणालाही कळेल असा असतो. शेवटी एक तक्ता असतो. मुख्य इमारतीचा खर्च इतका. मग अंतर्गत विद्युतीकरण, पाणीपुरवठा व मलनिस्सारण, अग्निशमन, पर्जन्यजल संचयन, संरक्षक भिंत, अंतर्गत रस्ते, आकस्मिक खर्च, वस्तू व सेवा कर. एकाखाली एक ओळी, समोर लाखांत रकमा. यातल्या कितीतरी ओळी मुख्य इमारतीच्या खर्चाच्या ठरावीक टक्क्यांनी काढलेल्या असतात. पाण्याच्या ओळीवर बोट ठेवा. ती रक्कम आतली पाइपलाइन, टाक्या, नळ, संडास यांची. टाकीत पाणी कुठून येणार, याचं उत्तर त्या तक्त्यात शोधून सापडत नाही. भिंतीची उंची मीटरमध्ये दिलेली असते, पाण्याचा उद्भव दिलेला नसतो.

यानंतरची वाट ठरलेली. तांत्रिक मान्यता, मग ई-निविदा, दोन लिफाफे : एक पात्रतेचा, एक दराचा. बी-१ नमुना असेल तर ठेकेदार अंदाजपत्रकी रकमेच्या टक्क्यांत दर देतो, वर किंवा खाली. बी-२ असेल तर बाबनिहाय. दर फारच खाली गेला तर जादा सुरक्षा ठेव घेतात, म्हणजे काम मध्येच टाकून पळून जाऊ नये. मग कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, रनिंग बिलं, आणि शेवटी दोषदायित्वाची मुदत, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ. ही पद्धत वाईट नाही. दोन ठेकेदारांत योग्य कोण, हे ती बऱ्यापैकी निवडते. पण जे अंदाजपत्रकात लिहिलेलंच नाही त्याची निविदा निघू शकत नाही, त्याचं मोजमाप होऊ शकत नाही आणि ते झालं नाही म्हणून कोणाची ठेवही जप्त होत नाही. प्रामाणिक कार्यकारी अभियंता आणि प्रामाणिक ठेकेदार असले तरी ते अंदाजपत्रकातला तुरुंग तंतोतंत बांधून देतील. त्याच्या पलीकडचा नाही.

आता क्षमतेकडे येऊ, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बरॅकमध्ये एका बंद्याला किमान ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट जागा असावी असं म्हटलं आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के माणसं होती. म्हणजे चाळीसाचे सरासरी तीस चौरस फूट राहतात. त्यातून सामान, येण्याजाण्याची वाट आणि संडासाकडे जाण्याची जागा वजा करा. हे चित्र पाहून कोणीही म्हणेल, मोठे तुरुंग बांधा. मीही नव्या इमारतीच्या विरोधात नाही. निजामाच्या काळातल्या भिंतींमागे माणसं दाटीवाटीने कोंबून ठेवण्यापेक्षा नवी, हवेशीर इमारत हवीच.

पण आत आहेत कोण? त्याच आकडेवारीत ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही जास्त, पाचांत चार. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी बरॅक बांधतोय त्यांतल्या बहुतेकांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांतले कितीतरी जण जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत आहेत. आमच्या कोर्टात हे रोज दिसतं. सातबारा असलेला, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला काढून देणारा माणूस उभा करा म्हटलं की ऊसतोड कामगाराचं कुटुंब हतबल होतं. घरात सातबारा असता तर ते दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कशाला गेलं असतं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद सोडून, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंद्यांच्या, म्हणजे कच्च्या कैद्यांच्या, प्रकरणांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यावर असतात. जिल्ह्याच्या तुरुंगात आज कोण का आहे, हे या समितीइतकं नेमकं कोणालाही ठाऊक नसतं.

तरीही नव्या कारागृहाची क्षमता ठरवताना या समितीचा अहवाल जोडल्याचं मी कुठल्याही शासन निर्णयात वाचलेलं नाही. क्षमता ठरते ती आजच्या गर्दीवरून आणि मिळालेल्या जागेवरून. पाचशेचा तुरुंग बांधायचा की तीनशेचा, यात कोट्यवधींचा फरक पडतो. अहवाल असं सांगू शकतो की कायद्याने सुटायला पात्र असलेली माणसं सोडली, तर तीनशेत भागतं आणि उरलेल्या पैशात न्यायालयात जामिनाची कामं पाहणारी माणसं नेमता येतात. असंही सांगू शकतो की नाही, पाचशेच लागतील. उत्तर काहीही येवो, ते काढल्याशिवाय सिमेंट विकत घ्यायला निघणं चूक आहे.

बांधून ठेवलेला तुरुंग रिकामा राहत नाही असा एक समज आहे. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात हार्डिन नावाचं जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या स्थानिक विकास मंडळाने कर्जरोखे काढून २ कोटी ७० लाख डॉलर उभे केले आणि ४६४ खाटांचा तुरुंग बांधला. गावाला रोजगार मिळेल, दुसऱ्या यंत्रणा आपले कैदी इथे ठेवतील, दर डोई दर दिवशी भाडं येईल आणि त्यातून रोखे फिटतील, असा हिशेब होता. २००७ साली इमारत तयार झाली. कैदी आलेच नाहीत. पुढच्या वर्षी रोख्यांचे हप्ते थकले. २००९ साली गाव ग्वांतानामोमधले कैदी आमच्याकडे पाठवा असं म्हणायला लागलं, इतकी वेळ आली. तिथे कंत्राटात दोष नव्हता, इमारत ठरल्याप्रमाणे उभी राहिली होती. चुकला होता तो कंत्राटाआधीचा अंदाज. आपल्याकडे तुरुंगासाठी रोखे काढत नाहीत हे बरंच आहे. पण ‘आपल्या भागात कारागृह आलं तर बाजारपेठ वाढेल, टपऱ्या लागतील, रस्ता होईल’ ही भाषा आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडीही असते, आणि तिच्यावर विसंबून गावं नाहरकत देतात. कैद्यांच्या डोक्यांवर ज्याची कमाई अवलंबून आहे असा एकही घटक आपल्या व्यवस्थेत येऊ नये, मग ती खासगी कंपनी असो की ग्रामपंचायत, असं माझं ठाम मत आहे. कारण मग गर्दी कमी होणं कोणाच्या तरी तोट्याचं होतं.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर सगळ्यात जड प्रश्न पाण्याचा आहे. आदर्श नियमावली माणशी रोज १३५ लिटर पाणी धरते. पाचशे बंद्यांना रोजचे ६७ हजार ५०० लिटर झाले. दहा हजार लिटरचे सात टँकर, रोज. कर्मचारी आणि त्यांच्या वसाहतीचं पाणी वेगळं. तुरुंग क्षमतेच्या दीडपट भरला तर टँकरही दीडपट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पाचशेच्या तुरुंगाला ती अख्खी गाडी आठवडाभरच पुरली असती. पाणी आटलं की गावातला माणूस लेकीकडे जातो, पुण्याला जातो, शेतातल्या बोअरवर जातो. बंदी कुठे जाणार? उन्हाळ्यात बरॅकमधल्या संडासाला पाणी नसणं म्हणजे काय, याची कल्पना ज्याला करायची त्याने एप्रिलमध्ये एखाद्या सरकारी वसतिगृहात दोन दिवस राहून पाहावं आणि तिथली दारं बाहेरून बंद आहेत असं समजावं.

म्हणून अंदाजपत्रकात पाण्याचा उद्भव नावानिशी लिहिलेला असला पाहिजे. कुठलं धरण, कुठली योजना, मे महिन्यात किती पाणी, आणि ते देणारी नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याशी केलेला करारनामा सोबत जोडलेला. हा करार झाला तर स्थानिक संस्थेला पहिल्यांदाच टेबलावर खुर्ची मिळते. ती म्हणू शकते, पाणी देऊ, पण सांडपाणी प्रक्रिया करून परत द्या, आणि आमच्या गावच्या योजनेची क्षमता याच कामातून वाढवून द्या. नाहरकत दाखला ही आज एका पानाची औपचारिकता आहे. तिच्या जागी अटी घातलेला करार येणं, हाच या सगळ्या व्यवहारात स्थानिक संस्थेचा न्याय्य वाटा.

जागेचा प्रश्न अंतराशी बांधलेला आहे. शहरातली जमीन महाग, म्हणून नवा तुरुंग दहा-पंधरा किलोमीटरवर, फाट्यावरून आत. इमारत स्वस्तात होते, पण रोजचा खर्च वाढतो आणि तो अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. दर तारखेला बंद्याला कोर्टात आणायला पोलीस पार्टी लागते, गाडी लागते. पार्टी मिळाली नाही की आरोपी हजर नाही, आरोपी हजर नाही की पुढची तारीख. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर तारीख होते, पण वकील आणि अशील यांना खासगीत बोलायचं असतं ते त्यावर होत नाही. आणि नातेवाइकांचं काय? वाडीवरची म्हातारी पहिल्या एसटीने निघते, जिल्ह्याला उतरते, तिथून सहा आसनी रिक्षाने फाट्यावर, पुढे चालत. हातात पिशवी, पिशवीत धुतलेले दोन कपडे आणि आधार कार्डाची झेरॉक्स. दारावर नाव नोंदवायची वेळ संपलेली असली तर तशीच परत. दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं आणि पोराचं तोंडही दिसलं नाही. जालना १९८१ साली जिल्हा झाला, लातूर १९८२ साली, हिंगोली १९९९ साली. नव्या जिल्ह्यात कलेक्टर कचेरी लगेच होते, कारागृहाचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर ही पायपीट शेजारच्या जिल्ह्यापर्यंतची असते.

यावर एक जुनाच उपाय तालुक्याच्या गावी पडून आहे. तहसील कचेरीच्या आवारात दुय्यम कारागृहं आहेत. तहसीलदार त्यांचे अधीक्षक. काही चालू आहेत, काही बंद पडली, कोठड्यांत जुनं दप्तर आणि जप्तीचा माल रचलेला आहे. त्यांची आजची अवस्था माणूस ठेवण्यासारखी नाही, हे मान्य. पण कोर्ट बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावर आहे. नव्या मोठ्या तुरुंगाच्या रकमेतला एखादा हिस्सा बाजूला काढून निवडक तालुक्यांतली ही कारागृहं नीट बांधली, हवा-उजेड-संडास नियमावलीप्रमाणे केले, आणि किरकोळ गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना त्यांच्या गावाजवळ ठेवलं, तर जिल्ह्याच्या तुरुंगावरचा भार उतरतो. यात अडचणी आहेत. महसूल आणि कारागृह या दोन खात्यांच्या मधे ही इमारत लोंबकळते, मनुष्यबळ कोणाचं यावर फाइल अडकते. शिवाय छोटं दुरुस्तीचं काम म्हणजे छोटा ठेका, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं आणि तिथेच निकृष्ट काम होतं. म्हणून अशा दुरुस्तीची तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या त्रयस्थ संस्थेकडे द्यावी आणि शेवटचं बिल त्या अहवालाशिवाय निघू नये.

तात्पुरत्या तुरुंगांबाबतही नियम आधीच करून ठेवायला हवा. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या सातव्या कलमात गर्दी किंवा साथीच्या वेळी तात्पुरती कारागृहं उघडण्याची सोय होती, आणि २०२० साली करोनात राज्यात शाळा आणि वसतिगृहं अशी वापरली गेली. ते गरजेचंच होतं. पण घाईच्या वेळी कामं निविदेविना निघतात. कुठल्या जिल्ह्यात कुठली इमारत, तिला काय दुरुस्ती, कोणत्या दराने, याची यादी आधी तयार असेल तर शाळेच्या वर्गाला ऐनवेळी जाळ्या ठोकत बसावं लागणार नाही.

राहिला जुन्या तुरुंगाच्या जमिनीचा प्रश्न. शहराच्या पोटात असलेली ती जागा म्हणजे सोनं. तेलंगणात वरंगलचं निजामकालीन मध्यवर्ती कारागृह २०२१ साली पाडलं, तिथे मोठं रुग्णालय बांधायचं म्हणून. रुग्णालय हा उत्तम हेतू. पण नवा तुरुंग तयार व्हायच्या आत जुना रिकामा केला आणि शेकडो बंदी हैदराबादजवळच्या चर्लापल्लीसह दूरदूरच्या तुरुंगांत वाटले गेले. जुन्या हैदराबाद संस्थानातला आपला सख्खा शेजारी आहे तो, त्याच्याकडून एवढं तरी शिकावं की आधी नवं, मग जुनं रिकामं. त्याच राज्यात संगारेड्डीचा १७९६ सालचा तुरुंग पाडला नाही, त्याचं संग्रहालय केलं. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल जेलच्या भिंतींआड हैदराबाद मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही राहिले आहेत. उद्या कुठल्याही जिल्ह्यात असा जुना तुरुंग हलवायचा झाला, तर ती जागा रुग्णालयाला जाणार, न्यायालयाच्या विस्ताराला, बागेला की विकासकाच्या संकुलाला, हे नव्या तुरुंगाच्या मान्यतेसोबतच ठरून जाहीर व्हावं. ही जागा मोकळी करणं हाच नव्या तुरुंगामागचा खरा हेतू असेल, तर तोही लोकांना कळू द्या.

याला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला सुरक्षेचा. तुरुंगाचे नकाशे, टेहळणी मनोऱ्यांच्या जागा, कुलपांची व्यवस्था उघड करू नये हे बरोबरच आहे आणि माहिती अधिकारातही त्याला सवलत आहे. पण क्षमता कशावरून काढली, पाणी कुठलं, माणशी किती चौरस मीटर, जुन्या जमिनीचं काय, यातलं काहीही कळल्याने कोणी भिंत ओलांडून पळत नाही. दुसरा आक्षेप लोक बोलतात, अधिकारी बोलत नाहीत : शाळेला छप्पर नाही आणि गुन्हेगारांसाठी एवढा विचार कशाला? पाचांतले चार जण न्यायालयाने अजून दोषी ठरवलेले नाहीत, हे त्याचं पहिलं उत्तर. आणि पैसा तर खर्च होणारच आहे, तो शाळेला मिळणार नाही. कोट्यवधींचं काम आंधळेपणाने व्हायला नको, एवढंच मागणं आहे.

हे सगळं मांडायची जागा नव्याने शोधायला नको. घटनेच्या २४३झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समिती दिली आहे, तिच्यातले चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून आलेले असायला हवेत. २०२२ नंतर कित्येक वर्षं आपल्या स्थानिक संस्था प्रशासकांच्या हाती होत्या, त्यामुळे या समितीत लोकांचा आवाजच उरला नव्हता. त्या काळात ठरलेल्या मोठ्या कामांकडे आता पुन्हा पाहायला हरकत नाही. जिल्ह्यात कारागृहाचं काम प्रस्तावित असेल तर जिल्हा परिषद आणि नगरपालिका सदस्यांनी बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते घ्यायला लावावं आणि चार कागद मागावेत : न्यायाधीन बंदी समितीचा अहवाल, पाणी देणाऱ्या संस्थेशी झालेला करार, न्यायालय ते तुरुंग या अंतराचा वार्षिक खर्च, आणि जुन्या जागेचा जाहीर वापर. वकील संघांनीही हे मागायला हवं, कारण तारखेला आरोपी हजर नसल्याचं दुखणं आमचंही आहे. यातला एक जरी कागद नसेल तर तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि ते इतिवृत्त गृह विभागाकडे पाठवावं.